डूला म्हणून बाळंतपणात सोबत: सातव्या महिन्यापासून सव्वा महिन्यापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमानं

डूला म्हणजे बाळंतपणाच्या आधी, त्या वेळी आणि नंतर बाईला धीर आणि आराम देणारी, पण उपचार न करणारी सोबतीण. मराठवाड्यात हा शब्द अजून सगळ्यांच्या तोंडी बसलेला नाही, पण त्यावरून होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या आहेत. कुणी तिला सुईण समजून घरीच बाळंतपण उरकायला सांगतं. कुणी ती सोबत आहे म्हणजे सिझर टळलंच, असं धरून चालतं. आणि बहुतेक घरांतून पहिला फोन येतो तो कळा सुरू झाल्यावर. तोवर डूलाच्या अर्ध्या कामाची वेळ निघून गेलेली असते.

हा लेख दोघींसाठी आहे: शिकून हे काम करणारी डूला, आणि लेकीच्या, बहिणीच्या किंवा जावेच्या बाळंतपणात लेबर रूममध्ये थांबणारी घरची बाई. टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. सहाव्या टप्प्यात जे हाताशी लागतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात केलेलं असावं लागतं.

१. आधी हद्द आखून घ्या

डूलाचे हात पाठीवर, कमरेवर, खांद्यावर आणि पाण्याच्या ग्लासावर चालतात. आतून तपासणी, पोट चोळून बाळ सरळ करणं, पोट दाबणं, नाळ कापणं, औषध देणं किंवा चालू औषध बंद करायला सांगणं, यातलं काहीही तिच्या कामात बसत नाही. ठोके ऐकून ‘बाळ ठीक आहे’ असं सांगणंही नाही. निर्णय बाळंतिणीचा, उपचार डॉक्टर-सिस्टरचे. त्यांचं बोलणं हिला कळतंय का आणि हिचं त्यांच्यापर्यंत पोचतंय का, एवढं डूलानं पाहायचं.

हे पहिल्याच दिवशी सासू, आई आणि नवरा समोर असताना सांगा. तेव्हा संकोच केला, तर रात्री दोन वाजता ‘तुम्हीच बघा ना, किती उघडलंय’ असा आग्रह होतो आणि त्या वेळी नाही म्हणणं फार जड जातं.

पैसे घेऊन काम असेल तर एक कागद करा: आधीच्या भेटी किती (निदान तीन), नंतरच्या किती (निदान दोन), कोणत्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री फोन चालेल (साधारण ३८वा), तुम्ही आजारी पडलात तर बदली कोण, रक्कम किती आणि ती कधी. दवाखाना, लॅब किंवा डब्याच्या दुधाच्या दुकानाकडून कमिशन घ्यायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहा. नर्सबाईंची असते तशी डूलाची सरकारी नोंदणी आपल्याकडे नसते. म्हणून घरच्यांनीही विचारावं: शिक्षण कुठे घेतलं, किती बाळंतपणांत थांबलात, आधीच्या दोन घरांशी बोलता येईल का?

सावध: ‘नॉर्मलची गॅरंटी’ देणाऱ्या डूलाला सोबत घेऊ नका. ती गॅरंटी कुणालाच देता येत नाही, आणि दिलेली पाळण्याच्या नादात दवाखान्यात जायला उशीर होतो.

२. सातव्या महिन्यातली पहिली भेट

ही भेट २८ ते ३० आठवड्यांच्या दरम्यान घ्या. आधी कार्ड, मग गप्पा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि रक्ताचे रिपोर्ट तारखेनं लावून एका फायलीत ठेवा. कार्डावर पाहायच्या गोष्टी: अपेक्षित तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन, प्रत्येक तपासणीचा रक्तदाब, साखरेची तपासणी झाली का, धनुर्वाताची इंजेक्शनं, आणि आधीचं बाळंतपण कसं झालं. रिपोर्टाचा अर्थ सांगायचं काम तुमचं नाही. पण हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल, रक्तदाब १४०/९०ला टेकला असेल, आधी सिझर झालं असेल, जुळं असेल किंवा बाळ आडवं-पायाळू असेल, तर ‘डॉक्टरांनी यावर काय सांगितलंय?’ हा प्रश्न त्याच दिवशी विचारा. उत्तर नसेल तर पुढची तपासणी लगेच ठरवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तारीख चुकली असेल तर तो दिवस धरा.

लोहाच्या गोळ्यांची पाकिटं मागवून मोजा. ‘घेते की’ हे उत्तर पुरेसं नाही. बहुतेक घरांत गोळ्या बंद पडण्याची दोनच कारणं सापडतात: मळमळ आणि काळी शी. काळी शी होणं अपेक्षितच आहे, तेवढं सांगितलं की निम्मी भीती जाते. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेऊन बघता येते. लोहाची गोळी चहासोबत नको, आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

आता माणसं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्यात पोरगी माहेरी जाते आणि कार्ड सासरच्या गावात राहतं, हा घोळ आपल्याकडे रोजचा आहे. दोन्ही गावांच्या आशाताईंचे नंबर घ्या. माहेरच्या उपकेंद्रात नाव कळवून घ्या. बाळंतपणाच्या वेळी कोण कुठे असेल, नवरा किती तासांत पोचेल, पैशाचा आणि सहीचा निर्णय कोण घेईल, हे नावानिशी लिहा.

घर ऊसतोडीचं असेल तर अपेक्षित तारीख हंगामाशी पडताळून पाहा. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. तारीख त्यातच पडत असेल, तर सातव्या महिन्यानंतर बाईनं गावात राहावं यासाठी घरच्यांशी आत्ताच बोला. जावंच लागलं तर कार्ड सोबत, कोप्या (टोळीच्या झोपड्या) पडतील तिथल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव लिहून घेतलेलं, आणि गाडीची जबाबदारी मुकादमाशी स्पष्ट बोललेली. बैलगाडीच्या भरवशावर कुणी राहू नये.

३. दवाखाना, गाडी आणि आत जाण्याची परवानगी

दवाखान्याला ३४व्या आठवड्याच्या आत एकदा भेट द्या. चार प्रश्न विचारायचे. रात्री डॉक्टर हजर असतात का? सिझरची सोय इथे आहे का? रक्त लागलं तर कुठून येतं? इथे जमलं नाही तर कुठे पाठवता? शेवटचं उत्तर आधी माहीत असणं फार मोलाचं आहे. पैठण-कन्नडकडच्या बाईला बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, केज-परळीकडच्या बाईला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला, लोहा-कंधारकडच्या बाईला नांदेडला विष्णुपुरीत नेतात. तो रस्ता किती तासांचा, पावसात कोणता ओढा भरतो, हे घरच्यांना ठाऊक असतं. फक्त त्या अंगानं विचार झालेला नसतो.

परवानगीचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवण्याची मुभा केंद्र सरकारनं २०१६ मध्ये दिली आहे. पण ती एकाच सोबतीणीला, आणि शक्यतो घरातल्या, स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या बाईला. खोलीत पडदे असून इतर बायांची आब राखता येत असेल, तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. म्हणजे बाहेरची डूला दारात अडवली जाऊ शकते. यावर भांडण करून काही मिळत नाही. दोन मार्ग आहेत. एक: आधीच मेट्रन किंवा डॉक्टरांना भेटून डूलाचं नाव सोबतीण म्हणून कळवायचं. दुसरा: आत आई किंवा मावशी जाणार असं धरून डूलानं तिलाच तयार करायचं. तालुक्याच्या ठिकाणी दुसरा मार्ग जास्त चालतो, आणि नीट तयारी करून घेतली तर चांगला चालतो.

आत जाणारीला सर्दी-खोकला, ताप, अंगावर पुरळ नसावं. कपडे स्वच्छ, नखं कापलेली, बांगड्या कमी. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे डोकावायचं नाही, फोनवर फोटो-व्हिडिओ नाहीत.

गाडीसाठी चार नंबर घरातल्या भिंतीवर लिहा: १०८, १०२ आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जाण्या-येण्याची गाडी हे सगळं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतं. जेवणही मिळतं: साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझरनंतर ७ दिवस.

तपासून घ्या: ३६वा आठवडा संपताना फाइल, आत जाणारीचं नाव, गाडी, रक्त देऊ शकणारे दोघं आणि घरी थोरल्या लेकराला सांभाळणारं माणूस, या पाच गोष्टी ठरलेल्या आहेत का? एक जरी नसेल तरी पुढचा सराव थांबवून आधी ती मिटवा.

४. सराव: या टप्प्याला घाई नको

पुढे कामाला येतं ते इथे शिकलेलं. ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान निदान दोनदा, प्रत्येक वेळी तासभर बसा. बाळंतीण आणि आत जाणारी बाई, दोघी हव्यात.

श्वासापासून सुरुवात करा. नाकानं सावकाश आत, तोंड सैल सोडून बाहेर; बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब. आकडे मोजायला लावू नका, कळ जोरात आली की आकडे विसरतात. त्याऐवजी बाहेरच्या श्वासाला खालच्या पट्टीतला ‘ओऽऽ’ जोडा. किंचाळी वर चढली की जबडा आणि खांदे आवळतात, त्यांच्याबरोबर खालचं अंगही आवळतं. ओरडू नको म्हणून दटावायचं नाही. आपण स्वतः खालच्या आवाजात ‘ओऽऽ’ म्हणायचं, ती आपोआप खाली येते.

मग कमरेचा दाब. बाईला भिंतीला किंवा बाजेच्या कडेला हात टेकून थोडं पुढे वाकू द्या. माकडहाडाच्या वर जे रुंद, सपाट हाड लागतं, त्यावर तळहाताची टाच ठेवा आणि स्वतःच्या अंगाचं वजन टाकून सलग दाब द्या. चोळायचं नाही, घासायचं नाही. कळ सुरू होताना दाब सुरू, संपली की बंद. जागा बोटभर इकडे-तिकडे झाली तरी आराम मिळत नाही, म्हणून ती ‘इथंच’ म्हणेल तिथे थांबा. हात लवकर भरून येतो तो मनगटातून दाबल्यामुळे. कोपर सरळ ठेवा. दुसरा प्रकार दोन्ही हातांनी: कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवून आत आणि किंचित वर दाबायचं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तेव्हा कळा सगळ्या कमरेत येतात, त्या वेळी याचा फार उपयोग होतो.

बसण्या-उभं राहण्याच्या पाच तऱ्हा करून घ्या: चालणं, भिंतीला टेकून उभं, खुर्चीवर उलटं बसून पाठीवर डोकं टेकणं, गुडघे-हातांवर ओणवं, आणि दोन गुडघ्यांत उशी घेऊन डाव्या कुशीवर. उताणं झोपणं या यादीत नाही. त्यानं मोठ्या रक्तवाहिनीवर भार येतो, आईला गरगरतं आणि बाळाला रक्त कमी पोचतं. गुंगीचं किंवा कमरेतलं इंजेक्शन दिलेलं असेल तर उभं राहण्याआधी सिस्टरला विचारायचं.

शेवटी बोलणं. आत जाणारीकडून चारच वाक्यं घोटून घ्या: ‘मी इथंच आहे.’ ‘ही कळ आता उतरतीय.’ ‘जबडा सैल सोड.’ ‘एक घोट पाणी घे.’ काय बोलायचं नाही तेही सांगा. ‘एवढ्यात रडायला लागलीस, अजून तर काहीच नाही’ हे आपल्याकडे मायेनंच बोललं जातं, पण त्यानं बाईचा धीर तिथेच सुटतो.

याच बैठकीत तिच्या इच्छांचा एक कागद लिहा, दहा ओळींच्या आत: सोबत कोण, चालू-फिरू द्यावं, तपासणीआधी सांगावं, बाळ लगेच छातीवर द्यावं, वरचं काही पाजू नये. चार पानी यादी कोणतीही सिस्टर वाचत नाही. ‘गरज पडल्यास बदल मान्य’ ही ओळ शेवटी असू द्या.

५. पिशवी

एकच पिशवी, ३६व्या आठवड्यात भरलेली. फाइल, दोघांचं आधार, बँक पासबुकाची प्रत. आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, चपला, तेल, कंगवा. बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेले सुती जुन्या धोतराचे चार तुकडे, टोपी, दोन दुपटी. खायला खजूर, चिक्की, लिंबू-साखर-मीठ. फोनचा चार्जर. गरम पाण्याची रबरी पिशवी आणि तिच्यावर गुंडाळायला जाड फडकं. डब्याचं दूध, बाटली, मध आणि गुटी या पिशवीत नकोत. हाताशी असलं की दिलं जातं.

६. घरी कळा सुरू झाल्यावर

आधी खऱ्या-खोट्याचा निवाडा. पोट आवळतं पण चालल्यावर, पाणी प्यायल्यावर किंवा कुशीवर पडल्यावर थांबतं, वेळ अनियमित आहे, जोर वाढत नाही, तर त्या खोट्या कळा. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि कळ चालू असताना बाईला बोलता येत नाही. अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजा. संपल्यापासून मोजण्याची चूक फार होते आणि कळा आहेत त्यापेक्षा जवळ आल्यासारख्या वाटतात.

पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर एवढं थांबू नका. आणि दवाखाना तासाभराच्या अंतरावर असेल, पावसाळा असेल किंवा रात्री गाडीची खात्री नसेल, तर आठ-दहा मिनिटांच्या कळांवरच निघा. शहरातल्या डूलांचा ‘शक्यतो उशिरा जा’ हा सल्ला वाडी-तांड्यावर तसाच्या तसा लागू करू नका.

तोपर्यंत खाणं-पिणं चालू: पेज, वरण-भात, अर्धी भाकरी, नारळपाणी. दर दोन तासांनी लघवी. कळांच्या मधे झोप लागत असेल तर झोपू द्या. सुरुवातीलाच तिला अंगणात फेऱ्या मारायला लावून दमवलं, तर जोर लावायच्या वेळी अंगात ताकद उरत नाही.

कळा न मोजता लगेच निघायची कारणं: पाणी गेलं (हिरवट-तपकिरी असेल तर एक क्षणही थांबू नका), पॅड भिजेल एवढं लाल गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंड-हात सुजले, झटका आला, ताप आहे, किंवा ३७ आठवडे भरायच्या आत कळा आल्या. पाण्यासोबत नाळ बाहेर दिसली तर तिला हात लावायचा नाही, आत ढकलायची नाही. बाईला गुडघ्यांवर, छाती खाली आणि कंबर वर अशी ठेवा, १०८ला तेच शब्द सांगा.

सावध: ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ घरी किंवा गावातल्या खोलीत कुणालाही देऊ देऊ नका. तेच औषध दवाखान्यात सलाईनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके पाहत दिलं जातं. स्नायूत एकदम टोचलं की कळा आवरता येत नाहीत. गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव थांबवण्यासाठी दवाखान्यात ते मांडीत देतात, ते योग्य आहे. घरच्यांना हा फरक आधीच समजावून ठेवा, नाहीतर ‘तिथंही तर देतात’ असं ऐकायला मिळतं.

७. लेबर रूममध्ये

पोचल्यावर फाइल सिस्टरच्या हातात, आणि तीन वाक्यांत माहिती: कळा कधीपासून, पाणी गेलं का आणि कोणत्या रंगाचं, बाळ हलतंय का. मग बाजूला व्हा. तपासणी होईपर्यंत मधे बोलू नका.

‘दोनच बोटं उघडलंय’ हे ऐकून घरचे घाबरतात. दोन बोटं म्हणजे गर्भाशयाचं तोंड साधारण तीन ते चार सेंटिमीटर उघडलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शनाप्रमाणे कळा जोर धरण्याचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरतात, आणि तिथून पहिलटकरणीला बहुधा १२ तासांच्या आत, पुढच्या वेळी १० तासांच्या आत पूर्ण उघडतं. तासाला एक सेंटिमीटरचा हिशोब लावून बाईला घाबरवू नका. सगळं सुरळीत असेल तर आतली तपासणी चार-चार तासांनी पुरते. ‘सिस्टर, पुढची तपासणी कधी?’ एवढं नम्रपणे विचारून ठेवा आणि तिला तेवढाच पल्ला सांगा.

आता सगळा सराव कामाला येतो. प्रत्येक कळेनंतर एक घोट. दर दोन तासांनी लघवी. भरलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं खाली येऊ देत नाही, आणि कळा आहेत पण प्रगती नाही अशा वेळी पहिल्यांदा हेच तपासा. दर अर्ध्या-पाऊण तासानं अंगाची तऱ्हा बदला. एप्रिल-मेच्या उकाड्यात मानेवर आणि कपाळावर ओलं फडकं, कमरेला मात्र कोमट शेक. रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून, १५-२० मिनिटांपुरती. खायला द्यायचं का हे विचारून घ्या, सिझरची शक्यता असेल तर उपाशी ठेवतात.

फायदा सलग सोबतीचा आहे. तासाला एक अशी पाच जणी बदलून गेल्या तर कुणालाच काही साधत नाही. डूलाला जेवायचं असेल तर कळा हलक्या असतानाच, आणि बदलीला कमरेच्या दाबाची जागा दाखवून.

आठ सेंटिमीटरच्या पुढे बाई बदलते. थरथरते, ओकते, चिडते, ‘माझ्यानं होत नाही, कापा मला’ म्हणते. नवखी सोबतीण इथेच गडबडते आणि बाहेर जाऊन घरच्यांना रडवते. बहुतेक वेळा हा शेवट जवळ आल्याचा इशारा असतो. तोंड तिच्या तोंडासमोर आणा, डोळ्यांत पाहा, एका वेळी एक कळ. वाक्यं तीन-चार शब्दांची. बाकीच्यांना गप्प करा. एका वेळी एकच आवाज.

कुठलाही उपचार सुचवला गेला आणि जिवाची घाई नसेल, तर तिला तीन गोष्टी विचारायला मदत करा: कशासाठी, धोका काय, थोडं थांबलं तर काय होईल? घाई आहे असं डॉक्टर म्हणाले तर प्रश्न नंतर. ती रडत असेल तर तिच्या वतीनं उत्तर देऊ नका, ‘तिला दोन मिनिटं द्या’ म्हणा.

८. जोर आणि जन्म

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट ही आहे. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी ‘जोर लाव’ म्हणू नका, मग आजूबाजूच्या दहा बाया म्हणत असोत. अर्धवट उघडलेल्या तोंडावर जोर पडला की ते सुजतं, रस्ता आणखी अडतो, आणि खरी वेळ येते तेव्हा बाई गळून गेलेली असते. दाब आधीच यायला लागला तर सिस्टरला सांगा, तिला कुशीवर घ्या आणि दिवा विझवताना मारतो तशा छोट्या फुंकरा मारायला लावा.

पूर्ण उघडल्याचं सिस्टरनं सांगितलं आणि तिला आतून शौचाला लागल्यासारखा दाब आला, की जोर तिच्या मनानं. हनुवटी छातीकडे, तोंड सैल, एका कळेत दोन-तीन वेळा. कळ नसताना पूर्ण विसावा. पहिलटकरणीला या टप्प्याला तीन तासांपर्यंत आणि पुढच्या वेळी दोन तासांपर्यंत लागू शकतात. ठोके चांगले असतील तर एवढा वेळ वाया गेलेला नसतो. डोकं दिसताना सिस्टर ‘थांब’ म्हणेल, तेव्हा पुन्हा फुंकरा. टाके कमी पडतात ते इथे.

सावध: पोटावर कोपर किंवा हात टाकून बाळ खाली ढकलणं धोक्याचं आहे. घरच्या कुणी केलं तर हात धरून थांबवा. दवाखान्यातलं कुणी करू लागलं तर आवाज न चढवता म्हणा, ‘सिस्टर, आधी कुशीवर किंवा उकिडवं बसवून बघू का?’

९. सिझर ठरलं तर

डूलाचं काम संपत नाही, जागा बदलते. सहीचा कागद बाळंतिणीला वाचून दाखवा. दागिने काढून कोणाकडे दिले ते लिहा. ‘आपलं काहीतरी चुकलं’ हे तिच्या मनात येणारच. त्या वेळी कारणं शोधू नका, हात धरा. रक्त देणाऱ्यांना फोन करा. आई टेबलावर असताना बाळ बाहेर आलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तर बाप किंवा मावशी उघड्या छातीवर बाळ धरून वर दुपटं घेऊ शकते. कमरेतलं इंजेक्शन देऊन सिझर झालं असेल तर आई जागीच असते. पहिल्या तासाभरात कुशीवर वळवून बाळ पाजता येतं. ‘सिझरवाल्यांना तीन दिवस दूध येत नाही’ या समजुतीनं वरचं दूध सुरू होतं, आणि मग खरंच दूध यायला उशीर होतो.

१०. पहिले दोन तास

बाळ पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर, दोघांवर एक कोरडं दुपटं, बाळाला टोपी. बाळ रडलं असेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात. वार साधारण अर्ध्या तासात पडते. नाळ ओढायला कुणाला सांगू नका. आंघोळ निदान २४ तास नको.

चिकाचं दूध पहिल्या तासात. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरही पुरतं, बाळाचं पोट तेवढंच असतं. तोंड मोठं उघडल्यावरच बाळ जवळ घ्या, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा काळा भाग वरच्यापेक्षा जास्त तोंडात. आईला टोचत राहिलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. जन्मतः द्यायचं व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब यांची नोंद कार्डावर झाली का, ते घरी जायच्या आधी पाहा.

आईकडे कोण बघतंय? सगळे बाळाभोवती जमतात तेव्हा डूलानं पॅड पाहायचं. पॅड तासाच्या आत पूर्ण भिजलं, मोठ्या गुठळ्या गेल्या, चक्कर आली, घाम सुटला, तर लगेच सिस्टरला हाक. सहा तासांत लघवी झालीच पाहिजे.

११. सव्वा महिना

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. डूलाच्या भेटी मधल्या दिवसांत ठेवा. चौथा-पाचवा दिवस फार महत्त्वाचा, कारण पान्हा भरतो, स्तन दगडासारखे होतात आणि आईला कारण नसताना रडू येतं. कोमट फडकं, मग थोडं दूध हातानं पिळून काळा भाग मऊ करायचा आणि बाळ लावायचं. दूध पुरतंय का हे लघवीवरून कळतं: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, आणि सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त वेळा. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. बाळाचं वजन आधी थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माइतकं परत यावं लागतं.

घरातल्या चालीरीतींवर सरसकट हल्ला करू नका. आळीव, डिंक, मेथीचे लाडू, बाळंतशेपा, हलकी मालिश चालू द्या. तीन गोष्टींवर मात्र ठाम राहा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नाही: धूर दिसला नाही तरी कोळशाचा विषारी वायू साठतो, आणि मेच्या उन्हाळ्यात बाळाला उष्णतेनंच ताप भरतो. बाळंतिणीचं पाणी तोडायचं नाही: ‘पोट सुटतं, टाके पिकतात’ यात तथ्य नाही, प्रत्येक पाजण्यामागे ग्लासभर पाणी हवं. आणि बाळाच्या तोंडात मध-गुटी, डोळ्यांत काजळ, नाळेवर हळद-तेल-राख काहीही नाही. नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळते. सासूबाईंना हे सांगताना त्यांच्याकडे एक काम सोपवा, म्हणजे आईच्या जेवणात रोज भाकरीसोबत पालेभाजी आणि डाळ त्या बघतील. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू.

दवाखाना गाठायची लक्षणं: ताप, घाण वास येणारा स्राव, पोटरी एका बाजूनं सुजून दुखणं, डोकं ठणकणं, पुन्हा वाढलेलं लाल, बाळाचं दूध न ओढणं, सुस्ती, धाप, हात-पाय गार, पहिल्याच दिवशी किंवा तळपाय-तळहातांपर्यंत आलेली कावीळ.

रडू येणं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही झोप नाही, भूक नाही, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे. जिवाचं काही करावंसं वाटतं किंवा बाळाला इजा करावीशी वाटते, असं तिच्या तोंडून एकदा जरी निघालं तरी त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर तिला एकटं ठेवू नका. ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषीकडे नेण्यात गेलेला दिवस महागात पडतो.

४२व्या दिवसाच्या आगेमागे डूलाची शेवटची भेट. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीची तारीख, आईची तपासणी, टाके, पाळणा लांबवायचा विचार आणि जन्मदाखला, एवढं पाहून फाइल बाळंतिणीच्या हातात द्या. तिच्या इच्छांचा तो दहा ओळींचा कागदही त्यातच राहू द्या. पुढच्या वेळी लागतो.